रामटेके काकांची हजार पावलं

चार माणसं एक गाईडबुक घेऊन जंगलात गेली की संध्याकाळी त्यांच्याजवळ पुस्तकापेक्षा जास्त मजकूर जमलेला असतो. हे मी अनुभवानं सांगते. माझ्या कपाटात अजून सतरा गाईडबुकं पडून आहेत आणि प्रत्येकाच्या समासात लाल पेन्सिलीनं काही ना काही खरडलेलं आहे. परवा झुरळांचं औषध टाकायला म्हणून कपाट रिकामं केलं, एक पुस्तक उघडलं, आणि त्या दिवशी आमच्याकडे दुपारी पोहेच झाले.

त्याचं असं झालं. छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि ज्याला त्याला नवीन राज्य दाखवायची घाई सुटली. गोल बाजारात भांडीवाल्यांच्या ओळीला लागून एक पुस्तकांचं दुकान होतं, तिथं दर महिन्याला नवीन गाईडबुक यायचं. पायी फिरा, डोंगर चढा, धबधबे पाहा. लिहिणारे कोण, कुठून लिहितात, देव जाणे. आम्ही ठरवलं की जो लिहील त्याच्या पुस्तकाप्रमाणे चालून पाहायचं आणि मार्क द्यायचे.

आम्ही म्हणजे चौघं. मी सुनंदा, सरकारी ऑफिसात टायपिस्ट, भोपाळहून फायलींच्या गठ्ठ्यांसोबत बदलून आलेली. माझी पोरगी मृणाल, कॉलेजात, मराठी सगळं समजते पण उत्तर हिंदीत देते. देशकर, सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर, यांच्या कानातली काळी धूळ रविवारीही निघायची नाही. आणि आमचे हेडमास्तर रामटेके काका. काका रेल्वेतून रिटायर झालेले. रुळांची देखभाल त्यांच्याकडे होती, म्हणजे उभी नोकरी रुळांवरून पायी चालण्यात गेली. लाल पेन्सिल त्यांचीच.

*

पहिलं पुस्तक देशकरांनी आणलं. गुळगुळीत कागद, आणि कव्हरवर बर्फाचा डोंगर.

"देशकर, आपल्या राज्यात बर्फ कुठं हाय?" काकांनी विचारलं.

"काका, कव्हर सोडा. आत पाहा. गावापासून धबधबा फक्त दहा मिनिटं."

आम्ही गावात उतरलो आणि चालायला लागलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तास झाला. देशकरांनी डब्यातले पराठे चालता चालताच संपवले. अडीच तासांनी धबधबा आला. तोवर ऊन असं चढलं होतं की पाणी पाहून आनंद व्हायच्या ऐवजी मला रागच आला.

परत गावात आल्यावर काकांनी पाराच्या ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, झरना दस मिनट है क्या?"

"हव," म्हातारा म्हणाला. "दस मिनट. फटफटी म."

लेखक साहेब मोटरसायकलवरून जाऊन आले होते! काकांनी तिथंच पुस्तकावर 'नापास' लिहिलं, आणि आमचा पहिला नियम झाला. आधी हे पाहायचं की लिहिणारा पायी गेला होता काय.

*

दुसरा नियम काकांनी स्वतःच्या मनानं काढला. तपासणी चालू असेपर्यंत वाटेत कोणाला काही विचारायचं नाही. पुस्तक सांगेल तसंच जायचं. माणसाला विचारून पोचलो, तर मार्क माणसाला द्यावे लागतील, पुस्तकाला नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

एकदा आम्ही एका फाट्यावर उभे होतो. पुस्तकात लिहिलं होतं, 'चौड़े रास्ते से आगे बढ़ें.' दोन्ही रस्ते सारखेच रुंद. देशकर म्हणाले उजवा, मी म्हटलं डावा. मृणाल म्हणाली, "मम्मी, टॉस कर लो." काकांनी टॉस नामंजूर केला. मग ते गुडघ्यावर बसून दोन्ही रस्ते वितीनं मोजायला लागले.

डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक बाई केव्हाची आमच्याकडे पाहत उभी होती. शेवटी तिला राहावलं नाही.

"पुस्तक म का लिखे हे, दाई?" तिनं मला विचारलं. "पानी त ओदे बाजत हे."

आणि खरंच, डाव्या बाजूनं पाण्याचा आवाज येऊन राहिला होता. चांगला मोठा. चार शिकलेल्या माणसांपैकी एकालाही तो ऐकू आला नव्हता, कारण आम्ही वाचत होतो.

काका उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "हिनं सांगितलं. आता आपल्याले हा रस्ता तपासता येत नाही." आम्ही धबधब्यापासून हाकेच्या अंतरावरून परत आलो. तो धबधबा मी आजपर्यंत पाहिलेला नाही.

*

देशकरांचा सगळा जीव खाण्यात. त्यामुळे एका पुस्तकात 'पहाड़ी के नीचे पहले घर में उत्तम भोजन मिलता है' हे वाक्य सापडलं, तेव्हा त्यांनी आठवडाभर आधी मला ऑफिसात फोन करून ते वाचून दाखवलं.

पुस्तकाप्रमाणे पोचलो. डोंगरीखाली पहिलं घर. एक बाई अंगणात धान पाखडत होती. आमच्या हातातलं पुस्तक पाहिल्याबरोबर तिनं सूप खाली ठेवलं, सुस्कारा टाकला आणि आत जाऊन चूल पेटवली. भात, लाल भाजी, टमाट्याची चटणी. असं जेवण मी फार कमी ठिकाणी जेवले. देशकरांनी तीनदा भात घेतला.

निघताना काकांनी विचारलं, "दीदी, आपका होटल कब से है?"

"कैसा होटल?" ती म्हणाली. "एक बाबू रास्ता भूल गया था. रो रहा था, तो खिला दिया. उसके बाद हर इतवार कोई न कोई किताब लेके आ जाता है. वो किताब बंद कब होगी, भैया?"

देशकर विहिरीवर गेले आणि सगळ्यांची ताटं घासून आले. बाई काही घ्यायलाही तयार नव्हती. परत येताना गाडीत मार्कांवरून वाद झाला, कारण पुस्तकातलं वाक्य अक्षरशः खरं होतं. काकांनी समासात लिहिलं, 'खरं आहे, पण छापायला नको होतं.'

*

त्या दिवसांत रायपुरात सगळंच हलत होतं. आज एका बिल्डिंगीत असलेलं ऑफिस उद्या दुसरीकडे, पाट्या रोज नवीन. मी स्वतः दोनदा जुन्याच ऑफिसात जाऊन बसले होते. म्हणून पुढचा किस्सा घडला तेव्हा मला काही फार नवल वाटलं नाही, पण काकांना वाटलं.

एका पुस्तकात होतं की निळ्या ताडपत्रीच्या चहाच्या टपरीपासून डावीकडे वळा. टपरी सापडली. ताडपत्री निळीच होती. आम्ही डावीकडे वळलो आणि सरळ एका राईस मिलच्या मागच्या अंगणात, कोंड्याच्या ढिगात शिरलो. मिलचा चौकीदार म्हणाला, "किताब वाले हो? बैठो, पानी पियो." त्याला सवय झाली होती.

आम्ही परत टपरीवर आलो. चहावाल्यानं मोठ्या अभिमानानं गल्ल्यामागून तेच पुस्तक काढलं. "मेरी दुकान छपी है, बाबूजी."

"दुकान तं बरोबर हाय, पण मोड़ कहाँ है?" काका.

"मोड़ तो वहीं है, तीन किलोमीटर पीछे. दुकान मैं इधर ले आया. इधर ग्राहक ज़्यादा है."

त्या दिवशी काका परतीच्या वाटेवर फार विचार करत होते. उरल्याच्या कारखान्यांच्या ट्रकांमागे आमची गाडी अडकली, सगळी धूळ काचेवर, आणि त्यात ते एकदम बोलले, "टपरी हलते. झाड कोणीतरी तोडून नेते. पाटी गंजून पडते. पण माणसाचं पाऊल तं तेवढंच राहते ना? खरं पुस्तक पावलानं लिहिलं पाहिजे."

आम्ही हो म्हटलं. आम्हाला भूक लागली होती.

*

काकांची चाल पाहण्यासारखी होती. पाऊल ना मोठं, ना लहान. रुळांखाली स्लीपर टाकलेले असतात, त्यांच्यातल्या अंतराएवढंच बरोबर. इतकी वर्षं एका स्लीपरवरून दुसऱ्यावर पाय टाकून टाकून त्यांचा पाय तसाच पडायचा, मग खाली डांबरी रस्ता असो की शेताचा धुरा. खिशात चिंचोके असायचे. शंभर पावलं झाली की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. गप्पा मारता मारताही त्यांची मोजणी चुकायची नाही.

विमलकाकू, म्हणजे काकांच्या मिसेस, आमच्यासोबत एकदाही आल्या नाहीत. आम्हाला त्या 'रिकामे परीक्षक' म्हणायच्या. एका रविवारी मी फारच आग्रह केला, तर म्हणाल्या, "मी चालून झाली ना बाई. ह्यांची पहिली पोस्टिंग अशा जागी होती का रस्ताच नव्हता. दिवसाच्या दोन गाड्या. मी रोज ह्यांचा डबा घेऊन लाइनीवरून जायची, स्लीपर स्लीपरनं, हे जिथं काम करून राहिले असन तिथपर्यंत. सात वर्षं. आता मले डोंगर दाखवू नका."

एकदा ते मोटरसायकलवाले लेखक काकांच्या घरी भांडायला आले होते. आम्ही त्यांना नापास केल्याचं गोल बाजारातल्या दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं. सोफ्यावर बसून ते म्हणाले, "देखिए, हर चीज़ पैदल चलकर थोड़े ही लिखी जाती है."

काकू चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "भैया, बिना पकाए रेसिपी लिखते हो क्या?"

लेखक चहा अर्धा टाकून गेले. आमच्या चौघांत मिळून एवढं नेमकं परीक्षण कोणी केलं नसेल.

*

मग काकांनी स्वतः पुस्तक लिहायला घेतलं. हिंदीत, सगळ्यांना वाचता यावं म्हणून. रायपूरच्या आसपासच्या पायवाटा, आणि सगळं पावलांत. 'हैंडपंप से एक हज़ार कदम, फिर दाहिने.' दीड वर्ष ते एकेक वाट तीन-तीनदा चालले. टाइप मी करून दिलं.

एवढा आटापिटा का, ते आम्हाला नंतर समजलं. काकांना काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, आणि आहे तीही हळूहळू जाईल. पुस्तक टाइप होईपर्यंत त्यांना समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागत होता. म्हणजे लिहिलं ते लिहिलं. वाटा शोधून पुन्हा मोजणी करणं आता त्यांच्यानं होणार नव्हतं.

प्रेसवाला तयार होता. पण काका म्हणाले, "आपण सगळ्यायचे पुस्तकं तपासले. माझंही तपासा. आणि ओळखीचा लेखक हाय म्हणून एक मार्क कमी धरा."

पहिलाच रस्ता घेतला, भेलवा डोंगरीचा. पुस्तकाप्रमाणे वर एक लहान तळं आहे आणि तळ्याकाठी सपाट दगड, त्यावर दुपारभर सावली असते. तो रस्ता आम्हा तिघांपैकी कोणीच पाहिला नव्हता. काका पायथ्याच्या हँडपंपाजवळ थर्मास घेऊन बसले. आम्ही एकामागून एक, अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतरानं निघालो. तिघांच्या हातात टाइप केलेल्या कॉप्या.

मी हजार पावलं मोजली आणि उजवीकडे वळले. पुढची पावलं मोजली, वळले. शेवटी एका कोरड्या नाल्यात उभी राहिले, जिथून पुढे फक्त काटे होते. तिथूनच परत फिरले. मृणालचे पाय लांब, ती माझ्याहून पुढे जाऊन कोणाच्या तरी घराच्या परसात निघाली आणि तिथल्या कुत्र्यानं तिला पुन्हा रस्त्याला लावलं. देशकर धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात गेले.

तिघं तीन दिशांनी हँडपंपावर परत आलो. एकमेकांकडे पाहिलं आणि समजलं.

"वर तळं दिसलं?" काकांनी विचारलं.

मग देशकर म्हणाले, "दिसलं ना काका. मस्त हाय."

"कमळं होती?"

"भरपूर."

"त्या तळ्यात कमळ कधीच नव्हतं, देशकर," काका शांतपणे म्हणाले.

मृणालचा आवाज रडवेला झाला होता. ती म्हणाली, "काका, फेल है. हम तीनों नहीं पहुँचे."

काकांनी मान हलवली. खिशातून लाल पेन्सिल काढली, मृणालच्या हातातली कॉपी घेतली, बोटांनी चाचपून पहिलं पान शोधलं आणि स्वतःच्या नावाखाली 'नापास' लिहिलं. अक्षर तिरपं गेलं. मला इतकं वाईट वाटलं की मी हँडपंपाचं दांडकं मारत बसले, पाणी नको असताना.

गाडीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "सुनंदाबाई, प्रेसवाल्याले नाही म्हणून कळवा. आपण दुसऱ्यायले सोडलं नाही, मग मले काहून सोडता?"

माझी ती कॉपी मी त्यांच्या घरी टेबलावर ठेवली. काकूंनी विचारलं काय झालं, तर काका सांगायच्या आधी आत निघून गेले. मीच सांगितलं. काकूंनी सगळं ऐकलं आणि कॉपीवर पेपरवेट ठेवला.

प्रेसवाल्याला मी कळवलं नाही. रोज उद्यावर टाकत राहिले.

*

पुढच्या रविवारी सकाळी काकांचा फोन आला.

"जय भीम. सुनंदाबाई, विमल तुमच्याकडे आली काय?"

"नाही तं, काका. काहून?"

"घरात नाही. टेबलावरचं माझं पुस्तकही नाही. स्टीलचा डबा नेहमीच्या जागी हात लावून पाहिला, तोही नाही."

आम्ही देशकरांच्या गाडीत बसलो आणि कोणी कोणाला न विचारता सरळ भेलवा डोंगरीला गेलो. वाटेत काका फक्त एकदा म्हणाले, "तिचा गुडघा दुखते."

हँडपंपावर एक बाई पाणी भरत होती. नियम मोडून मीच आधी विचारलं. ती म्हणाली, "हव, एक झन दाई गे हे. अकेल्ला. पढ़त-पढ़त जावत रिहिस."

घाईत आमच्यापैकी कोणी आपली कॉपी आणली नव्हती, पुस्तक काकूंकडे होतं. आम्ही मागच्या रविवारी जिकडे गेलो ते रस्ते आम्हाला पाठ होते आणि ते सगळे चुकीचे होते. देशकर म्हणाले, मी नाल्याकडून पाहतो, तुम्ही बांधीकडून पाहा.

"थांबा," काका म्हणाले. त्यांनी देशकरांच्या खांद्यावर हात ठेवला, खिशात चिंचोके आहेत की नाही ते पाहिलं आणि चालायला लागले. "मी सांगतो तिथं वळवा. अन् घाई करू नका, माझ्या पावलानं चाला."

आम्ही मागून चाललो. दहा चिंचोके झाले, काका थांबले. "दाहिने." उजव्या हाताला झुडपात एक बारीक पायवाट होती. मागच्या रविवारी आम्ही तिघंही तिच्यावरून पुढे निघून गेलो होतो. पुन्हा काही चिंचोके, पुन्हा एक वळण. चढण लागली, काकांना दम लागला, पण मोजणी थांबली नाही.

वर तळं होतं. लहानच. कमळं नव्हती. काठाला सपाट दगड होता, त्यावर सावली होती, आणि सावलीत विमलकाकू चपला काढून, पाय लांब करून बसल्या होत्या. मांडीवर कॉपी, बाजूला डबा.

मी जवळ जाऊन कॉपी पाहिली. प्रत्येक वळणासमोर काकूंनी टिक केली होती. एकही खोडलेलं नव्हतं.

"काकू," देशकरांना धाप लागली होती. "आमी तिघं चुकलो. तुमी एकट्या कशा पोचल्या?"

काकूंनी आमच्याकडे अशी नजर टाकली की जणू आम्ही काहीतरी खुळ्यासारखं विचारलं. मग काकांचा हात धरून त्यांना दगडावर बसवलं, डब्याचं झाकण उघडलं आणि तो त्यांच्या हातात दिला.

"कशा म्हणजे?" त्या म्हणाल्या. "ह्यांचा डबा घेऊन जायची, तशीच."